तेरा डॉलरचं लाल डिझेल आणि माझ्या डोक्याला ताप

गाडी कोणाला उसनी द्यायची नाही म्हणजे नाही, आता दारावर पाटीच लावतो. इथे टेक्सासात आमच्या ओळखीतले एक साहेब आहेत, आयटीतलेच, त्यांनी गावाबाहेर १० एकर घेतले, प्रॉपर्टी टॅक्स कमी बसावा म्हणून शेळ्या पाळल्या आणि तेव्हापासून स्वतःला गावचे पाटील समजतात. शनिवारी गवताचे गठ्ठे आणायचेत म्हणून माझी डिझेल पिकअप घेऊन गेले, रविवारी आणून लावली आणि वर ऐटीत, "टाकी फुल्ल केलीय बरं का, पैसे देऊ नकोस." मी पण येडा, थँक्यू म्हणलं, बायकोने चहा पोहे पण दिले.

मंगळवारी फिल्टरमधलं पाणी काढायला खालचा ड्रेन सोडला तर बरणीत कोकम सरबत! लालभडक. ट्रॅक्टरसाठी गोठ्यात भरून ठेवलेलं डिझेल ओतलं होतं माझ्या गाडीत.

फोन केला तर म्हणे, अरे डिझेलच आहे, इंजिनाला काय कळतंय. इंजिनाला नाहीच कळत हो, तेल तेच, फक्त ह्याच्यावर रोड टॅक्स घेतलेला नसतो म्हणून तर त्यात लाल रंग घालतात ना, पंपावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. कधी अडवलं तर टाकीत नळी घालून सॅम्पल काढतात आणि सापडलं की १००० डॉलर किंवा गॅलनला १० डॉलर, जे जास्त होईल ते. सॅम्पल घेऊ दिलं नाही तर त्याचा दंड वेगळा. आणि वाचले किती? गॅलनला फेडरल टॅक्स २४.४ सेंट, टेक्सासचा २०, तीस गॅलनचे झाले तेरा डॉलर आणि वर चिल्लर. तेरा डॉलर!! एवढ्याचे तर पोहे खाऊन गेलात तुम्ही.

वर अक्कल शिकवतात, "शेतीचंच काम होतं ना." अहो नंबर प्लेटवाली गाडी आहे ती, गठ्ठे आणा नाहीतर वरात काढा, लाल चालत नाही. मग म्हणे हार्वी वादळाच्या वेळी सगळे घालत होते. हो, २०१७ ला, पूर आला होता, डिझेल मिळत नव्हतं म्हणून सरकारनेच थोडे दिवस दंड माफ केला होता, आणि तेव्हा पण टॅक्स माफ नव्हताच. तुमच्या शेळ्यांवर कुठलं वादळ आलं होतं?

लहानपणी रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभा राहिलोय मी, निळ्या रॉकेलसाठी. नंबर आला की दुकानदार म्हणणार संपलं, आणि संध्याकाळी स्टँडवरच्या वडापच्या जीपमागे उभं राहिलं की रॉकेलच्या वासाने डोळ्यातून पाणी. तेव्हा हेच साहेब रेशनचं रॉकेल गाडीत ओतणाऱ्या त्या जीपवाल्याच्या नावाने बोटं मोडत असतील, आता स्वतः तेच.

अख्खा रविवार गेला टाकी उपसण्यात. दोन फिल्टर बदलले, साधं डिझेल भरलं, तरी बरणीत अजून गुलाबी झाक आहेच, हा रंग थोडा जरी राहिला तरी दिसतो. आता हायवेला मागे पोलीस दिसला की पोटात गोळा येतो, काही न करता.

आणि काल त्यांचा मेसेज. सॉरी वगैरे काही नाही. "ते काढलेलं डिझेल टाकून देऊ नकोस हं, मी येऊन घेऊन जातो."