दिसला का?

जंगलात पक्षी दिसणं एक वेळ सोपं. दुसऱ्याला दिसलेला पक्षी आपल्याला दिसणं, यात जन्म जातो.

नैनितालजवळचं सातताल. सकाळचे साडेसहा. माझी मान मागे मोडलेली आणि गाइड कुजबुजतोय, "वो देखिए साब, पिक्यूलेट!"

ठिपकेदार पिक्यूलेट म्हणजे सुतार पक्ष्यांच्या घरातलं शेंडेफळ. लांबी 10 सेंटिमीटर. चिमणीसुद्धा याच्यापुढे थोरली वाटावी. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे डॉक्टरांनी माझ्या चहातून काढून टाकलेली साखर. बाकीचे सुतार ताठ शेपटीचा टेकू देऊन खोडाला चिकटतात, माणसाला जरा बघू देतात. याची शेपटी आखूड आणि मऊ. टेकूच नाही, तर एका जागी टेकायचं कशाला? बारीक काड्यांवर, बांबूवर, प्रसंगी उलटा लटकून हा मुंग्या आणि त्यांच्या अळ्या टिपत सुटतो. त्यातून वटवट्यांच्या टोळीत मिसळून येतो; म्हणजे दहा हलणाऱ्या ठिपक्यांतला नेमका एक शोधा. 1836 मध्ये याचं शास्त्रीय बारसं झालं तेव्हा नाव ठेवलं 'इनॉमिनेटस', म्हणजे बिननावाचा! ठेवणाऱ्यालाही तो नीट दिसला नसावा, असा माझा दाट संशय आहे.

"कुठे?"

"वो सूखी डाल... उसके बाएँ, जहाँ पत्ता हिल रहा है."

साततालातली झाडून सगळी पानं हलत होती. दुर्बीण लावली की नुसता हिरवा गिचमिडा, काढली की झाडच हरवायचं.

बायकोला मात्र लगेच दिसला. "अहो, त्या वाळक्या काडीच्या खाली! टकटक ऐका ना." टकटक येत होती खरी, पण शेजारच्या खोलीत कुणी नखानं टेबल वाजवावं, इतपतच. दहा मिनिटं गेली. "दिसला का?" हा प्रश्न सातव्यांदा आला, तेव्हा मानेनं आणि स्वाभिमानानं एकदमच हात टेकले. आदल्या रात्री पुस्तकात वाचलेलं कामी आलं.

"दिखा, दिखा! वाह, माथे का केसरी रंग क्या बढ़िया है!"

गाइडनं दुर्बीण खाली घेतली. अतिशय अदबीनं म्हणाला, "साब, केसरी तो नर के माथे पे होता है. ये मादा है."

बायको इतका वेळ काडीकडे बघत होती. आता माझ्याकडे बघत होती. दुर्बिणीतून.