वणाची टक्केवारी

सैन्यात असताना भाजलेल्या, छर्रे लागलेल्या किंवा हिमदंश झालेल्या जवानाच्या अंगावरचा वण ‘बरा झालेला आहे’, एवढी एक ओळ निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने लिहावी आणि त्या एका ओळीवर त्याची डिसेबिलिटी पेन्शन नाकारली जावी, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. सोलापुरात वकिली करताना माजी सैनिकांचे अपिलाचे कागद माझ्याकडे येतात. त्यांपैकी वणांची प्रकरणे मी जितकी वाचत जातो, तितके माझे हे मत पक्के होत जाते. जखम भरली म्हणजे तिचा परिणाम संपला असे गृहीत धरले जाते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

मंगळवेढा तालुक्यातील एका निवृत्त हवालदारांचे प्रकरण सध्या माझ्याकडे आहे. उंचावरच्या चौकीत रॉकेलच्या बुखारीचा (खोली गरम ठेवण्याच्या शेगडीचा) भडका उडून त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. ते त्या वेळी ड्युटीवर होते, हे युनिटच्या अहवालात स्पष्ट नोंदलेले आहे आणि त्याबद्दल वादही नाही. वाद आहे तो टक्केवारीचा. बोर्डाने ‘भाजल्याचा वण, बरा झालेला’ असे लिहून अपंगत्व २० टक्क्यांच्या आत बसवले. हाताची शेवटची दोन बोटे तळव्याकडे ओढली गेली आहेत, मनगट मागे वळत नाही, शर्टाची गुंडी ते डाव्या हाताने लावतात. कागद वाचताना मी त्यांना विचारले, “मूठ किती मिटते ते बोर्डाने मोजले होते का?” ते म्हणाले, “वकीलसाहेब, हात टेबलावर ठेवायला सांगितला, बघितला आणि पुढच्याला बोलावलं.”

खोल भाजलेल्या जागी नवी येते ती पूर्वीची कातडी नसते. त्या भागात घामाच्या ग्रंथी उरत नाहीत, वण पुढे कित्येक महिने आकसत राहतो आणि सांध्यावर असेल तर सांध्याला ओढून धरतो. नसांची टोके वणात अडकली तर हलक्या स्पर्शानेही कळ येते. काही वण जाड आणि ताठर होतात, काहींची कातडी इतकी नाजूक राहते की जरा खरचटले की पुन्हा फुटते. वारंवार फुटणाऱ्या जुन्या वणात अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो, हेही वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे हवालदार हाताला ओला पंचा गुंडाळून बसलेले असतात, कारण त्या हाताला घाम येत नाही आणि आतल्या आत तो पेटल्यासारखा होतो. यातले काहीही त्या एका ओळीत आलेले नाही.

२० टक्क्यांची रेघ इतकी महत्त्वाची का, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण अनेक माजी सैनिकांनाच त्याचा हिशेब ठाऊक नसतो. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्या जवानाचे अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे लागते आणि ते किमान २० टक्के असावे लागते. ते १९ टक्के असेल तर हाती काहीच येत नाही. २० झाले, तर ‘ब्रॉड बँडिंग’च्या नियमाने ते ५० टक्के धरले जाते. हा नियम ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने आला. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही त्याचा लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात दिला. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम, या प्रमाणाने ५० टक्क्यांना १५ टक्के होतात. ज्याचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये होते, त्याला दरमहा ६,००० रुपये आणि त्यावर महागाई सवलत. म्हणजे सांधा किती अंशांत वळतो ते मोजायचा कोणी कंटाळा केला, तर एका कुटुंबाचे आयुष्यभराचे एवढे उत्पन्न जाते. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत, मी लिहितो आहे ते त्याआधी निवृत्त झालेल्यांविषयी.)

अमेरिकेत माजी सैनिकांच्या वणांसाठी स्वतंत्र कोष्टक आहे. दुखणारे किंवा वारंवार फुटणारे एक-दोन वण असतील तर १० टक्के, तीन-चार असतील तर २०, पाच किंवा अधिक असतील तर ३०. चेहऱ्यावरच्या विद्रूपतेचे मोजमाप वेगळे, आणि वणामुळे हालचाल अडली तर तिचे आणखी वेगळे. १९९४ मध्ये एस्टेबान नावाच्या माजी सैनिकाच्या अपिलात तिथल्या न्यायालयाने ठरवले की, चेहऱ्याची विद्रूपता, वणाचे दुखणे आणि चावताना स्नायूंना होणारा त्रास हे एकाच दुखापतीतून आलेले असले तरी तीन वेगळे परिणाम आहेत आणि तिन्हींची टक्केवारी वेगळी धरली पाहिजे. त्यांच्याकडेही अपिले वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे ती व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. पण परिणाम सुटे मोजावेत, ही दृष्टी आपण घ्यायला हवी. आपल्याकडे अनेक अपंगत्वांची मिळून एकत्रित टक्केवारी काढतात, हे खरे. मात्र आखडलेला सांधा आणि नसेचे दुखणे यांची मुळात वेगळी नोंदच झाली नाही, तर एकत्र करायचे तरी काय?

डिसेबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, रक्तदाबासारखे आजार पुढे करून टक्केवारी मिळवली जाते, असा आक्षेप अलीकडे वारंवार ऐकू येतो. त्यात तथ्य किती, हा वेगळा विषय आहे; वणाला मात्र हा संशय लागूच पडत नाही. भरतीच्या वेळी उमेदवाराची संपूर्ण तपासणी होते आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणा कागदावर चढतात. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेत उद्भवला असे मानावे, पुराव्याचा भार जवानावर टाकू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा. आजाराबाबत जे गृहीत धरावे लागते, ते वणाबाबत दोन कागद शेजारी ठेवले की डोळ्यांना दिसते. माझ्याकडच्या प्रकरणात तर हवालदारांच्या डिस्चार्ज बुकात (सेवा संपताना मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेत) ओळखीची खूण म्हणून याच हाताच्या वणाची नोंद आहे. ओळख पटवायला जो वण पुरतो, त्याचे अपंगत्व मोजायला तो पुरू नये, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही.

नामंजुरीनंतर पहिले अपील सहा महिन्यांत, मग दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा हा मार्ग आहे. साठी उलटलेल्या माणसाने दुखरा हात घेऊन सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करायचा आणि सकाळी पुढची तारीख घेऊन परतायचे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सैनिकांविरुद्धची अनावश्यक न्यायालयीन लढाई कमी करण्याच्या शिफारशी केल्या होत्या. सरकारने त्या निदान वणांच्या प्रकरणांत तरी मनावर घ्याव्यात.

सोलापूर जिल्ह्यात ज्यांच्या घरी अशी नामंजुरी आली असेल, त्यांनी आधी माहिती अधिकारात मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कागदांची प्रत मागवावी. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक सांध्याची हालचाल अंशांत मोजून घ्यावी, बधिरपणा किंवा कळ असेल तर नसांची तपासणी करावी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून वणाचे फोटो काढावेत. हे सर्व अपिलाला जोडावे आणि नव्याने बोर्ड बसवण्याची मागणी त्याच अर्जात करावी. उशीर झाला म्हणून मात्र सोडून देऊ नये. पेन्शनचा हक्क दरमहा नव्याने उभा राहतो आणि उशिरा आलेल्यालाही मागील तीन वर्षांची थकबाकी मिळू शकते, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालाने स्पष्ट केले आहे.