१६-३५ ची घाई कशाला?

लँडस्केप फोटोग्राफीवरच्या या लेखात पहिल्याच फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला १६-३५ मिमी एफ/२.८ ही वाइड लेन्स घ्या म्हटलंय, ते काही पटलं नाही भाऊ. लँडस्केप ट्रायपॉडवर एफ/८ नाहीतर ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून काढायचं, मग मोठं उघडणाऱ्या २.८ चं ओझं कशाला? मी सेकंडहँड निकॉन डी७५० हा फुल-फ्रेम कॅमेरा अन् २४-१२० एफ/४ लेन्स घेतली. खिंडसी तलावाच्या काठावरून १६ मिमीला (एकदम वाइड) पलीकडच्या टेकड्या नुसती रेघ होतात, ८० ला झूम केलं की कशा अंगावर येतात! जुनी क्रॉपवाली (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची) १८-५५ लेन्सच यावर चालवू म्हणाल, तर कॅमेरा फोटोचा मधलाच भाग घेतो अन् २४ पैकी जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात. वाचलेल्या पैशात दणकट ट्रायपॉड घ्या. माझा हलका ट्रायपॉड फुटाळा तलावावरच्या वाऱ्यात थरथरला अन् अख्खी संध्याकाळ वाया गेली. फोटो हललेत हे घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तेव्हा कळलं.