नववीतल्या पोरींना हे कशाला? – एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ नमस्कार,

तुम्ही रागाने लिहिलंय पण मुद्द्याचं लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नववी-दहावीच्या पोरींना छातीची तपासणी शिकवणं म्हणजे अभ्यासाच्या वयात त्यांच्या डोक्यात स्तनांच्या कॅन्सरची भीती घालणं, आईची तब्येत बघणं हे आशाताईचं काम आहे लेकीचं नाही, आणि मुळात स्वतःच स्वतःला तपासायची ही पद्धत डॉक्टरांनीच मोडीत काढलीय.

शेवटचा मुद्दा आधी घेते, तोच सगळ्यात वजनदार आहे. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या 2 लाख 66 हजार बायकांवर 1989 पासून मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना तपासणी शिकवली निम्म्यांना नाही, आणि 2002 मध्ये निकाल आला तर मृत्यू दोन्हीकडे सारखेच, उलट शिकलेल्या बायकांच्या साध्या गाठींच्या बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासण्या, जास्त झाल्या. हे खरंच आहे आणि म्हणून दर महिन्याला तारीख लावून तपासाच असं मी वर्गात सांगत नाही. पण आपल्या मुंबईचाही अभ्यास बघा. टाटा हॉस्पिटलने 1998 पासून झोपडपट्ट्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायका घेतल्या, त्यातल्या निम्म्या जणींना ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, मशीन नाही काही नाही. 2021 मध्ये 20 वर्षांचा हिशोब आला, त्यात आजार लवकरच्या स्टेजला सापडत होता आणि 50 च्या पुढच्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ 30 टक्के कमी झाले होते. 50 च्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे.

म्हणजे शिकलेला हात कामाचा आहे. आणि तो हात आपल्या उपकेंद्रात आहे हो, सरकारी कार्यक्रमात 30 च्या पुढच्या प्रत्येक बाईची ही तपासणी करायचीच आहे. सोय आहे, पण बाई जात नाही.

का जात नाही ते तुम्हाला गावात राहून माहीत असेलच, तरी लिहिते. आपल्याकडे किती घरांत बाईची आंघोळ अजून मोरीत, अंधारात, परकर छातीवर बांधून, आणि तीही घाईत, कारण उजाडायच्या आत डबा करून कापूस वेचायला निघायचं असतं. तिने स्वतःचं अंग उजेडात नीट बघितलेलंच नसतं. त्यातून गाठ हाताला लागलीच तर पहिलं वाक्य ठरलेलं, "दुखत नही ना, मग कशाले दाखवू?" आणि इथेच घात होतो, कारण सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईने दोन वेचण्या अशाच काढल्या, यंदाचा माल घरात आला की जाऊ म्हणत, आणि दाखवलं तेव्हा कातडी फुटली होती. नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूला नव्हतं. आशाताईला का नाही सांगितलं विचाराल तर आशाताई त्याच गल्लीतली सून, तिला सांगितलं की संध्याकाळी ओट्यावर चर्चा होईल ही भीती. आशाताई चांगल्याच असतात, भीती मात्र खरी असते.

मग तिने सांगायचं कोणाला? लेकीला. पाळी आली तेव्हा दोघींमध्ये एकदा दार लोटून बोलणं झालेलं असतं, तेच पुढे न्यायचं आहे. माझा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी आहे, लेकीने आईला तपासावं म्हणून नाही, विचारावं म्हणून.

वर्गात काय करतो तेही सांगते, म्हणजे मनात काही राहायला नको. सुती कापडाची पिशवी शिवून त्यात कापूस भरलाय आणि आत कुठेतरी एक हरभरा. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकाने नाही, लहान लहान गोल फिरवत तो शोधायचा. मग सांगते की हे काखेपर्यंत आणि वर गळ्याच्या हाडापर्यंत बघायचं, पाळी संपल्यावरच्या दिवसांत, कारण पाळीच्या आधी तसंही गाठाळ लागतं, आणि एकाच बाजूला कातडीला खळी पडली, स्तनाचं बोंड नव्याने आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, काखेत गाठ आली तर थांबायचं नाही.

भीतीचं म्हणाल तर पहिल्या दहा मिनिटांत मी हेच सांगते, की तुमच्या वयात गाठ लागली तर ती बहुधा साधी, बोटाखाली सरकणारी असते, तुमच्या वयात हा कॅन्सर फार फार क्वचित. आईची गाठसुद्धा कॅन्सरचीच असेल असं नाही, बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईची तपासणी करून डॉक्टरने सांगायचं, आपण घरी ठरवायचं नाही. पोरीने फक्त सिस्टरपर्यंत सोबत जायचं. ज्या पोरीला आई नाही किंवा जिच्या घरात हा आजार होऊन गेलाय तिच्याशी मी आधी एकटीशी बोलते, वर्गात तिला बसायचं नसेल तर बसवत नाही. हे ओझं पोरीवर नको हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण भाऊ, त्या ओझ्यातलं अर्धं तुमचं आहे. गाडी तुमच्याकडे, पैसे तुमच्याकडे, मजुरी बुडाली तर बोलणारं माणूसही घरात बहुतेक वेळा पुरुषच. जळगावच्या सिव्हिलला न्यायचं तर दिवस मोडतो, आणि बाई तो दिवस स्वतःहून कधीच मागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात हे कितीतरी वडिलांना माहीत नसतं, रेशन कार्ड आणि आधार तेवढं हाताशी ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकसभेच्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टरला शाळेत बोलावलंय, एका खोलीला पडदे लावून आयांची तपासणी तिथेच होईल. वहिनींना पाठवा, आणि तुम्हीही या, बाहेर बापांसाठी वेगळं बसणार आहोत, तुमचे प्रश्न तिथे सगळ्यांसमोर विचारलेत तर मला आवडेल.