पियानोच्या बाईंचा पगार

दहावीचा निकाल लागला की आमच्या मिरजेच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. गाण्या-वाजवण्याच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीत कलेचे वाढीव गुण द्यावेत की नाहीत? २०२५ साली राज्यात २११ जणांना शंभर टक्के मिळाले, तेव्हा तर दोन दिवस कुणी जेवणाखाण्याचं बोललं नाही. काकांचं म्हणणं, मराठीच्या निबंधातसुद्धा पैकीच्या पैकी मिळतात का कुणाला, ही सगळी तबल्या-पेटीची कृपा. मावशीचं म्हणणं, पोरीनं इतकी वर्षं परीक्षा दिल्या त्या काय फुकट? अकरावीचे प्रवेश एकेका गुणावर अडतात, त्यामुळे दोघांनाही रक्तदाब आहे.

मला विचाराल तर गुण राहू द्यावेत. लोभानं का होईना, मूल क्लासच्या दारात येतं, आणि दहातलं एखादं मूल गुण विसरून तिथेच रमतं. पण या भांडणात एक माणूस कुठेच नसतो. तो म्हणजे त्या पोरीला शिकवणारी बाई. तिला महिन्याकाठी काय मिळतं, मे महिन्यात क्लास बंद असला की ती काय करते, आजारी पडली तर कोण बघतं, हे त्या ग्रुपवर आजवर कुणी विचारलेलं नाही. मी गेली कित्येक वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात पियानो आणि व्हायोलिन शिकवते. हा प्रश्न मला तिथल्या एका कोर्टाच्या निकालानं शिकवला, म्हणून सांगते.

आमच्याकडून थोड्याच अंतरावर हेरेनबेर्ग नावाचं लहान शहर आहे. तिथल्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत एक पियानोशिक्षिका वर्षानुवर्षं तासावर पैसे घेऊन शिकवत होती. कागदोपत्री ती स्वतंत्र व्यावसायिक. म्हणजे शाळेकडून पेन्शनचा वाटा नाही, आजारपणात पगार नाही. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयापर्यंत गेलं आणि २८ जून २०२२ रोजी निकाल लागला. खोली शाळेची, पियानो शाळेचा, विद्यार्थी शाळेनं पाठवायचे, अभ्यासक्रमही शाळेचा; मग ही बाई स्वतंत्र कशी? ती नोकरदारच, तिचे विम्याचे हप्ते शाळेनं भरले पाहिजेत, असं न्यायालयानं ठरवलं.

त्यानंतर देशभर धांदल उडाली. इथे सार्वजनिक संगीतशाळा नऊशेहून अधिक आहेत, त्यांचा खर्च पालकांची फी, नगरपालिका आणि राज्य मिळून उचलतात. तासावरच्या शिक्षकांना नोकरीत घ्यायचं तर पैसा हवा. कुठे फी वाढली, कुठे वर्ग कमी झाले, आणि शेवटी २०२५ च्या सुरुवातीला संसदेला शाळांना सवड देणारी तात्पुरती तरतूद करावी लागली. माझ्या सहकाऱ्यांतही दोन तट आहेत. काहींना पगार हवा, काहींना आपलं स्वातंत्र्य. म्हणजे परदेशात सगळं आलबेल आहे असं सांगायला मी बसलेली नाही. पंधराव्या वर्षी व्हायोलिन खाली ठेवून अभ्यासाला लागणारी मुलं इथेही आहेतच. फरक एवढाच की इथलं भांडण शिकवणाऱ्याच्या पोटाबद्दल तरी चालतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे: सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन. म्हणजे कायद्यानंच कलेच्या शिक्षकाला अर्धा माणूस ठरवून टाकला. महाराष्ट्रातले हे निदेशक कायम नेमणुकीसाठी कोर्टात जातात, त्याची बातमी आतल्या पानावर येते. शंभर टक्केवाल्यांचा फोटो पहिल्या पानावर.

माझं स्वतःचं शिक्षण अशाच अर्ध्या माणसांच्या जिवावर झालं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दिवसभर कुणी ना कुणी तंबोरा लावत असायचं. सुराचं वेड तिथेच लागलं. व्हायोलिन मी मांडी घालून, त्याचं टोक पावलावर टेकवून शिकले. शिकवणारे गुरुजी दिवसा एका दुकानात हिशेब लिहायचे. पियानो पुढे पुण्यात, ग्रेडच्या परीक्षा देत. तिथल्या बाई सकाळी शाळेत, दुपारी दुसऱ्या शाळेत, संध्याकाळी घरी शिकवायच्या आणि दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये डबा खायच्या. जर्मनीत येऊन उभं राहून, हनुवटीखाली व्हायोलिन धरायला शिकले, तेव्हा खांदे आठवडेच्या आठवडे दुखले. (इथे सरावालाही शिस्त आहे. घरी कामाच्या दिवशी दोन-तीन तास वाजवणं शेजाऱ्यानं साधारण सोसायला हवं, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका ट्रम्पेटवाल्याच्या खटल्यात म्हटलं. मिरजेत हे सांगितलं तर लोक हसतील.)

ग्रुपवर अधूनमधून दुसरी काडीही पडते: पियानो-व्हायोलिन परकी वाद्यं, त्यांना गुण कशाला? यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. व्हायोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवणारे पंडित व्ही. जी. जोग वाईचे. हार्मोनियमही परकीच, आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं तिला दार बंद ठेवलं, तरी कीर्तनातून तिला कुणी हलवू शकलं नाही. मला गोव्याचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या गावागावांत चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवणारा शिक्षक होता. त्या शाळांमधून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद भरून काढले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. त्या मुलांना वाढीव गुण कुणी दिले नव्हते. गावात शिकवणारा माणूस टिकून होता, एवढंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सांगली-मिरजेसारख्या महापालिकेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. त्यातल्या चार खोल्यांत चार संगीतशिक्षक नेमा, पूर्ण पगारावर, भविष्यनिर्वाह निधीसकट. परीक्षा घ्या किंवा घेऊ नका. खर्च किती, कुणाच्या खिशातून, यावर मग ग्रुपवर मनसोक्त भांडू.

आणि फुकटची अपेक्षा फक्त मिरजेतच असते असंही नाही. हेरेनबेर्गनंतर आमच्या शाळेची फी वाढली, तेव्हा आपल्याच पुण्याकडचा एक इंजिनिअर बाप मला म्हणाला, "ताई, शाळेचं कशाला? घरी येऊन शिकवा ना. रोख देतो, अर्ध्यात बसवा." गाडी नवी होती त्याची. मी नाही म्हटलं. मुलगी हुशार आहे. तिचं नाव शाळेच्या प्रतीक्षायादीत घालायला सांगितलं, अजून घातलेलं नाही.