१८० रुपयांच्या पाइपचे १४०० का झाले (जिप्सीवाल्या दादांना उत्तर)

नमस्कार दादा, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की जिप्सी दोन दिवस अडकवून ठेवली, शेवटी १८० रुपयांचा रबरी पाइप बदलला आणि १४०० चं बिल हातात दिलं, वर सकाळी चालू केली की रेस अजून जास्तच असते. दोन दिवस गाडी नसल्यामुळे स्ट्रॉबेरीचे क्रेट दुसऱ्याच्या पिकअपमधून न्यावे लागले ते वेगळंच, त्याचा राग मी समजू शकतो. पण काय झालं ते नीट सांगतो. काउंटरवर पोरानं बिल हातात दिलं आणि समजावून काहीच सांगितलं नाही, तिथं आमचं चुकलंच.

गाडी आली ती पसरणी घाट उतरून, इंजिन कडक गरम. मीटर लावला तर आयडल (म्हणजे पाय न लावता इंजिनचे मिनिटाला फेरे) १८००, जिथं ८००-८५० च्या आसपास पाहिजे. तुम्ही आल्या आल्या बोलला होता की घाटात पाय काढला तरी गाडी पुढं ढकलते, ब्रेकवरच उतरवावी लागते. ते यामुळेच, आणि क्रेट भरलेले असताना हे धोक्याचं आहे. दुसरं, आधीच्या मेकॅनिकनं आयडल मोटर (पाय न लावता इंजिनला लागणारी हवा कमी-जास्त करणारी) नवीन टाकलेली होती आणि तरी काही फरक पडला नव्हता, म्हणजे तुमचा तिथं आधीच खर्च झालेला. त्यामुळे मी ठरवलं की पार्ट बदलून बघायचा नाही, आधी शोधायचं.

रेसची केबल बघितली, ढिली होती, म्हणजे ती ओढून धरत नव्हती. गरम इंजिनवर पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर ३०० ओहमच्या आसपास दाखवत होता, तो बरोबर. हा सेन्सर खोटं बोलला ना, तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो रेस चढवून ठेवतो. थ्रॉटल बॉडीत (रेस दिली की उघडणारी हवेची झडप असते त्यात) काजळी बोटभर, म्हणून पोरानं ती उघडून साफ केली, गॅस्केट नवीन टाकलं, परत बसवली, तरी १८०० च. मग हवेचा पाइप काढून आतल्या आयडल मोटरच्या भोकावर बोट ठेवलं, रेस जराही पडली नाही. म्हणजे मोटर बिचारी आधीच पूर्ण बंद होऊन बसलेली आणि हवा दुसरीकडूनच आत घुसत होती. तोवर रात्रीचे नऊ वाजले. थंड इंजिन कसं वागतं ते बघायचं तर रात्रभर गाडी उभी पाहिजे, म्हणून ठेवली. फोन करायला पाहिजे होता, केला नाही. चूक.

सकाळी थंडीत सेन्सर सव्वादोन किलोओहम, म्हणजे तो पक्का चांगला. गाडी चालू केली, १५०० वर उभी राहिली, ते ठीकच आहे. पण जसजशी गरम होत गेली तशी रेस खाली यायच्या ऐवजी वर चढली, आणि तिथंच समजलं की गरम झाल्यावर काहीतरी उघडतंय. पकडीला फडकं गुंडाळून एकेक व्हॅक्यूम पाइप मॅनिफोल्डच्या (झडपेमागून हवा इंजिनात नेणाऱ्या नळकांड्याच्या) तोंडाशी दाबत गेलो, ब्रेक बूस्टरचा दाबला तर काही नाही, ब्रीदरचा (इंजिनातली ऑइलची वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारा) पाइप दाबला आणि रेस धपकन ११०० वर आली. काढून बघितला तर वळणाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर. वरून पाइप नवाकोरा दिसतो बरं का, पण ऑइलच्या वाफेनं रबर लोण्यासारखं मऊ झालेलं, थंडीत चीर मिटलेली आणि गरम झाली की उघडणार. तुमच्या गाडीत आत येणारी हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यामुळे अशी चोरून हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं लोड आला, तो पेट्रोल वाढवतो आणि इंजिन पळायला लागतं. चेकचा दिवा पण पेटत नाही, म्हणून भले भले फसतात.

पाइप बदलला तरी ११०० च, ८५० वर येईना. बघतो तर थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवरचा (झडप किती बंद व्हावी ते ठरवणारा) कंपनीचा रंग फुटलेला, कुणीतरी कधीतरी गाडी बंद पडते म्हणून तो आत फिरवून ठेवलेला (हा स्क्रू हात लावायचाच नसतो राव). तो जागेवर आणला, मग ८५०.

आता बिल. पाइप १८०, दोन क्लिपा ४०, गॅस्केट ८०, सफाई ३००, शोधायचे ८००. ते ८०० मी कमी करणार नाही, कारण चीर सापडली नसती तर तुम्ही आणखी एक मोटर विकत घेतली असती. पण सफाईचे ३०० तुमचं बरोबर आहे. ती तुम्हाला न विचारता केली, आणि पाइप दाबून बघायचं काम पाच मिनिटांचं, ते पहिल्याच संध्याकाळी करायला पाहिजे होतं. मग उघडाउघडीची वेळ आलीच नसती, म्हणून गॅस्केटचे ८० पण त्यातच धरा.

राहिलं सकाळच्या रेसचं. थंड इंजिनला १४००-१५०० असणारच, ती पाच-सात मिनिटांत हळूहळू उतरली की समजायचं ठीक आहे. मीटर लावून बघायची गरज नाही, कानाला कळतं. उतरत नसेल, किंवा घाटात परत ढकलायला लागली, तर आदल्या संध्याकाळी गाडी इथं आणून लावा, सकाळी तुमच्यासमोरच चालू करू, पैसे नाहीत.

३८० रुपये पाकिटात घालून काउंटरच्या खणात ठेवलेत, जुना पाइप पण त्यातच आहे, वाकवून बघा.