पेसमेकर आहे म्हणून मोबाईल बंद करून ठेवू नका

"पेसमेकर बसवलेल्यांनी मोबाईल, मायक्रोवेव्ह, मिक्सर, टीव्हीचा रिमोट यांच्यापासून कायमचं लांब राहावं, नाहीतर हृदय जागच्या जागी बंद पडेल" असा मेसेज परत फिरायला लागलाय, खाली नेहमीचं "दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल". आमच्या मावशीला पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके नीट ठेवणारं छातीत बसवलेलं छोटं यंत्र, आहे. तिला तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि तिने मोबाईल स्वीच ऑफ करून कपाटात ठेवून दिला. ती एकटी राहते. फोन लागेना म्हणून शेवटी शेजारच्या काकूंना दार वाजवायला सांगावं लागलं. जिला चक्कर आली तर सगळ्यात आधी फोनच करावा लागणार, तिच्या हातातून फोन काढून घेतला तर जीव कुणाचा वाचणार, हे मला कुणीतरी सांगा.

मोबाईलवर अभ्यास झालाय आणि तोही आजकालचा नाही. १९९७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, पेसमेकर असलेल्या ९८० पेशंटवर चाचण्या केल्या होत्या. फोन थेट पेसमेकरवर धरला तेव्हा काहींच्या पेसमेकरमध्ये गडबड दिसली, पण नेहमीसारखा कानाला लावला तेव्हा पेशंटला धोका होईल असं काही सापडलं नाही. आणि हे तेव्हाचे फोन, तेव्हाचे पेसमेकर. आताच्या पेसमेकरला टायटॅनियमचं कवच असतं, बाहेरचे नको ते सिग्नल गाळणारे फिल्टर असतात. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, एवढंच सांगते की फोन आणि स्मार्टवॉच पेसमेकरपासून १५ सेंमी लांब ठेवा. म्हणजे वीतभर अंतर, बास.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, लोहचुंबकाची. आयफोन १२ पासून मागच्या बाजूला चुंबक आलं, कितीतरी फ्लिप कव्हरच्या झडपेत असतं, इअरफोनच्या डबीतही असतं. असं चुंबक पेसमेकरला अगदी चिकटून राहिलं तर पेसमेकर हृदयाचे ठोके न बघता ठराविक वेगाने चालायला लागू शकतो. आयसीडी, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले की हृदयाला शॉक देणारं यंत्र, असेल तर जास्त काळजी घ्या, कारण चुंबक जवळ असेपर्यंत ते गरज पडली तरी शॉक देणार नाही. चुंबक लांब नेलं की सहसा सगळं पूर्ववत होतं. पेसमेकर बहुतेकदा डाव्या कॉलरबोनखाली असतो आणि शर्टाचा खिसाही नेमका डावीकडेच, बायका फोन ब्लाऊजमध्ये खोचतात तोही तिथेच. तेवढी सवय बदला, फोन पर्समध्ये किंवा पँटच्या खिशात ठेवा आणि बोलताना उजव्या कानाला लावा. अॅपल स्वतः सांगतं की वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमी लांब ठेवा.

मायक्रोवेव्हची भीती १९७० च्या आसपासच्या जुन्या पेसमेकरची आहे, आज खुशाल दूध गरम करा. रिमोटबद्दल काय बोलणार, त्याने काहीही होत नाही. मिक्सर छातीशी धरून कुणी चटणी वाटत नाही, ओट्यावर ठेवून लावला की झालं. ज्याचं नाव घ्यायला हवं होतं तो इंडक्शन मात्र मेसेजमध्ये नाहीच! चालू इंडक्शनपासून छाती ६० सेंमी म्हणजे दोन फूट लांब हवी, मागच्या शेगडीवरचं पातेलं ढवळायला वाकू नका, आधी बंद करा मग उचला.

विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न थांबता सरळ निघून जा. हातातलं डिटेक्टर कुणी छातीवर धरायला लागलं तर पेसमेकरचं कार्ड दाखवा आणि हाताने तपासा म्हणून सांगा.